दिसलेला आवाज

दूर बसलेल्या माणसाचा आवाज घरात आणून पोहोचवणारा अलेक्झांडर ग्रॅहम बेल १९२२ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात वारला. त्याचा स्वतःचा आवाज कसा होता, हे त्यानंतर नव्वद वर्षे कोणालाच सांगता येत नव्हते. छायाचित्रे होती, पत्रे होती, वह्यांचे ढीग होते. आवाज तेवढा नव्हता. एप्रिल २०१३ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने आपल्या संग्रहातली मेणाची एक चकती बोलती झाल्याचे जाहीर केले आणि त्या चकतीत बेल सापडला.

मुद्रण चार मिनिटे पस्तीस सेकंदांचे आहे. त्यात गाणे नाही, कविता नाही, कुठला प्रसंगही नाही. बराच वेळ एक माणूस आकडे म्हणतो, मग पैशांच्या रकमा म्हणतो आणि शेवटी एक निवेदन करतो. एवढ्या ऐवजाचे रसग्रहण काय करायचे, असे कोणीही विचारील. पण काही कलाकृतींचा रस त्यांच्या मजकुरात जितका असतो, तितकाच तो मजकूर आपल्यापर्यंत पोहोचला त्या वाटेतही असतो. हे मुद्रण त्या जातीचे आहे.

आधी वस्तूकडे पाहू. पुठ्ठ्यावर मेणाचा थर चढवलेली ही चकती आहे. तिच्यावर बेलची आद्याक्षरे आणि तारीख आहे : १५ एप्रिल १८८५. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला तेव्हा आवाज कथलाच्या पातळ पत्र्यावर दाबून उमटवला जाई. चार-दोन वेळा वाजवला की पत्रा चुरगळून जाई आणि आवाज संपे. बेलला १८८० साली फ्रान्सचा व्होल्टा पुरस्कार मिळाला. त्या पन्नास हजार फ्रँकच्या बळावर त्याने वॉशिंग्टनमध्ये प्रयोगशाळा काढली. सोबत रसायनशास्त्रज्ञ चुलतभाऊ चिचेस्टर बेल आणि उपकरणे बनवण्यात हातखंडा असलेला चार्ल्स समनर टेंटर. या तिघांनी एडिसनचे तत्त्व ठेवले आणि द्रव्य बदलले. पत्र्यावर दाब देण्याऐवजी मेणात खाच कोरायची, हा त्यांचा शोध. त्याचे पेटंट ४ मे १८८६ रोजी चिचेस्टर बेल आणि टेंटर यांच्या नावे झाले. पुढे कित्येक दशके जगभरचे गाणे-बोलणे आधी मेणात कोरले गेले, त्याची मुळे या प्रयोगांत आहेत.

या मंडळींनी मेण, काच, तांबे, जे हाताशी येईल त्यावर आवाज उमटवून पाहिला. त्यातले कितीतरी नमुने त्यांनी स्मिथसोनियनकडे ठेवले. काही तर मोहोरबंद पेटीत. २० ऑक्टोबर १८८१ रोजी ठेवलेली अशी एक पेटी १९३७ मध्ये बेलच्या वारसांसमक्ष उघडली. आत एडिसनच्याच धाटणीचे यंत्र होते, खाचांत मेण भरलेले. त्यावर नोंदलेल्या मजकुरात ‘हॅम्लेट’मधले एक वाक्य होते आणि त्यापुढे यंत्राने स्वतःची ओळख करून दिली होती : मी ग्राफोफोन, आणि फोनोग्राफ ही माझी आई. हा विनोद लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रतिस्पर्ध्याचे ऋण मान्य करून त्याच्यापुढे गेल्याचा दावा एका दमात करणारी ही माणसे होती.

मग या चकत्या इतकी वर्षे मुक्या का राहिल्या? त्या वाजवायची यंत्रे प्रत्येक प्रयोगागणिक वेगळी होती आणि ती सगळी टिकली नव्हती. दुसरे कारण अधिक मोठे. सुई टेकवण्याची हिंमत कोणात नव्हती. मेणातला आवाज वाजवणे म्हणजे सुई खाचेतून फिरवणे आणि प्रत्येक फेरीत सुई थोडे मेण खरवडून नेते. ऐकणे हेच झिजवणे. शंभरेक वर्षे जुन्या, वाळून ठिसूळ झालेल्या थरावर तर पहिली फेरी हीच शेवटची ठरायची.

मेणाच्या मुद्रणांची दुखणी किती तऱ्हांची असतात, हे कळल्याशिवाय या चकतीचे मोल कळत नाही. १८९० च्या सुमारास बाजारात आलेले तपकिरी मेणाचे सिलिंडर खरे तर निव्वळ मेणाचे नसत. स्टीअरिक आम्लापासून बनवलेल्या धातुयुक्त साबणाचा तो प्रकार. दमट हवेत त्यावर बुरशी येते, पृष्ठभाग खाते आणि खाचांत बारीक खड्डे पाडते. वाजवताना त्या खड्ड्यांची खरखर होते. सिलिंडर कालांतराने आकसतो. आकसलेला सिलिंडर यंत्राच्या निमुळत्या दांड्यावर जोर लावून बसवला की उभा तडकतो. थंडगार सिलिंडर उबदार हाताने धरला तरी तडा जाऊ शकतो. म्हणून जाणकार माणूस त्याच्या अंगाला हात लावत नाही. दोन बोटे आत घालून, ती फाकवून तो उचलतो.

आता हा सिलिंडर फुटला, तर? खाचा बाहेरच्या अंगावर असतात, म्हणून सांधा आतून द्यायचा, इथपर्यंत ठीक. पण दोन मिनिटांच्या सिलिंडरवर एका इंचात शंभर खाचा असतात. दोन खाचांमधले अंतर साधारण पाव मिलिमीटर. तुकडा तेवढाच सरकला की सुई एका फेऱ्यातून शेजारच्या फेऱ्यात शिरते आणि अर्धे वाक्य भलत्याच वाक्याला जाऊन चिकटते. मेण वितळवून सांधावे, तर उष्णतेने कडेच्या खाचा पुसल्या जातात. डिंकासारखा चिकट पदार्थ वापरावा, तर तो वाळताना आकसतो आणि मेणाला नवा तडा देतो. सांधा अगदी जमला, तरी मिनिटाला एकशे साठ फेरे घेणाऱ्या सिलिंडरवरची एक उभी चीर मिनिटाला एकशे साठ वेळा टक् टक् करीत राहते. हे काम इतके नाजूक आहे की कॅलिफोर्नियातला एक दंतवैद्य फुटके सिलिंडर जोडणारा म्हणून संग्राहकांत नावाजला गेला आहे. दाताच्या पोकळीत काम करायला सरावलेला हातच इथे उपयोगी पडावा, यात नवल नाही.

हातांच्या कसबाला मर्यादा आहे, ती इथे. बेलच्या चकतीला ज्या रीतीने बोलते केले, ती रीत हात न लावण्याची आहे.

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत कार्ल हेबर हे पदार्थवैज्ञानिक मूलकणांच्या प्रयोगांसाठी लागणाऱ्या शोधकांचे काम करीत होते. सिलिकॉनच्या पट्ट्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक बसल्या आहेत की नाहीत, हे कॅमेऱ्याने मोजणे हा त्या कामाचा एक भाग. जुनी मुद्रणे नष्ट होत असल्याचे रेडिओवर ऐकले आणि त्यांना सुचले, की खाच ही शेवटी एक आकृतीच आहे. तिचे चित्र घेतले, संगणकावर मोजले, तर सुईची गरजच काय? सहकारी व्हिटाली फाडेयेव यांच्यासह त्यांनी ही पद्धत उभी केली. खाच आडवी वळत असेल तर सूक्ष्म छायाचित्रे पुरतात. खाच खोल-उथळ होत असेल, तर प्रकाशाच्या किरणाने बिंदूबिंदूवर खोली मोजून पृष्ठभागाचा नकाशा काढतात. मग संगणक एक काल्पनिक सुई त्या नकाशातून फिरवतो आणि ती कशी हलली असती याचा हिशेब म्हणजेच आवाज. चीर आली की नकाशात उंचीची अचानक उडी दिसते, ती ओळखून वगळता येते. खड्डा आला तर त्याच्या अलीकडची-पलीकडची रेषा पाहून तो भरून काढता येतो. या यंत्रणेचे नाव आयरीन. तिने आधी वाचून दाखवलेल्या गाण्यांपैकी एकाच्या शीर्षकात ते नाव होते.

स्मिथसोनियन, लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि बर्कली या तिघांनी मिळून २०११ मध्ये व्होल्टा प्रयोगशाळेची सहा मुद्रणे वाचली. त्यांत कुठे एकच शब्द पुन्हा पुन्हा, कुठे बालगीत, कुठे नुसते मोजणे. बोलणारा कोण, हे ठरवायला आधार नव्हता. दोन वर्षांनी ही १८८५ ची चकती वाचली गेली आणि तिच्यासोबत एक कागद मिळाला : बोललेल्या मजकुराची हस्तलिखित प्रत, खाली बेलची सही आणि तारीख. चकती बोलत होती, कागद साक्ष देत होता.

आता मजकूर. सुरुवातीचे आकडे ऐकताना प्रथम कंटाळा येतो. मग लक्षात येते, की परीक्षेसाठी याहून कठीण पाठ नसेल. ओळखीचे बालगीत खरखरीतून अर्धे ऐकू आले, तरी उरलेले अर्धे ऐकणाऱ्याचे मन भरते. आकड्याला तसा आधार नसतो. सदतीस की सत्तेचाळीस, हे कानालाच ठरवावे लागते. यंत्र खरेच बोलते की आपल्याला भास होतो, हे पडताळायला आकड्यांसारखी कसोटी नाही. आज दुरुस्ती करणाऱ्यालाही हे सोयीचेच. ओळीने मोजलेले आकडे असले, की मधला एक फेरा गळाला तर ताबडतोब कळते.

मोजणे संपल्यावर डॉलर आणि सेंट सुरू होतात. इथे मुद्रणाचा रोख बदलतो. हा कारखानदाराचा, कारकुनाचा, हिशेबनिसाचा आवाज आहे. या यंत्राचे गिऱ्हाईक बेलला संगीतप्रेमी घरात दिसत नव्हते. कचेरीत पत्राचा मजकूर सांगणारा साहेब त्याच्या डोळ्यांसमोर होता. पुढे ग्राफोफोन विकलाही गेला तो आधी कचेऱ्यांना. १८८५ च्या त्या दिवशी यंत्र वेडेवाकडे बोलत असेल, पण त्याचा मालक बाजारभाव म्हणून दाखवत होता. यातली व्यवहारी स्वच्छता मला फार आवडते. अमर होण्याची भाषा कुठेही नाही.

आणि मग शेवट येतो. बेल सांगतो, की हे मुद्रण अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने, डॉक्टर चिचेस्टर बेल यांच्या उपस्थितीत, १५ एप्रिल १८८५ रोजी, वॉशिंग्टनमधल्या १२२१ कनेक्टिकट अॅव्हेन्यू येथील व्होल्टा प्रयोगशाळेत केले आहे. कर्ता, साक्षीदार, तारीख, पत्ता, सगळे क्रमवार. आपल्याकडच्या खरेदीखताचा शेवट असाच असतो : अमुक रोजी, अमुक साक्षीदारासमक्ष लिहून दिले, सही. बेलने नेमका हाच साचा उचलला आहे आणि सहीच्या जागी त्याने जे केले आहे तो या मुद्रणाचा परमोच्च बिंदू आहे. याची साक्ष म्हणून, तो म्हणतो, माझा आवाज ऐका. आणि मग स्वतःचे पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटे करून.

टेलिफोनच्या पेटंटवरून ज्याने शेकडो दावे झेलले, त्या माणसाला कागदाची सही किती वादग्रस्त ठरू शकते हे चांगले ठाऊक होते. मोहोरबंद पेट्या, साक्षीदार, तारखा, सगळी खबरदारी त्यातूनच आलेली. पण या वाक्यात ती खबरदारी स्वतःच्या पलीकडे जाते. माणसाचा आवाज हाच त्याचा पुरावा असू शकतो, ही कल्पना इथे एका वकिली वाक्यात सहज बसून गेली आहे. त्या क्षणी तिची थोरवी बेलला जाणवली असेल, असे मला वाटत नाही. वाक्य त्यामुळेच निर्मळ राहिले आहे.

आवाज कसा आहे? खरखरीच्या लाटा येतात, त्यांच्यामागून शब्द वर येतात आणि पुन्हा बुडतात. तरीही जे ऐकू येते ते ठाम आहे, सावकाश आहे. उच्चारांत ब्रिटिश वळण स्पष्ट आहे. बेलचा जन्म १८४७ चा, एडिनबरोचा. बाप अलेक्झांडर मेलव्हिल बेल हा उच्चारशास्त्राचा नामांकित शिक्षक. जीभ, ओठ, घसा यांच्या ठेवणीवरून कुठलाही ध्वनी कागदावर लिहिता यावा, अशी ‘व्हिजिबल स्पीच’ नावाची लिपी त्याने बनवली होती. आईला ऐकू कमी येई. बायको मेबल पाच वर्षांची असताना लाल तापात बहिरी झालेली. नवऱ्याचे बोलणे ती ओठांवरून वाचत असे. बेलची शब्द सुटे करून बोलण्याची सवय कुठून आली, ते इथे कळते. जन्मभर तो अशा माणसांत बोलला ज्यांना त्याचे बोलणे दिसावे लागत होते.

हे धागे एकत्र आले की मुद्रणाचा गाभा उघड होतो. बापाने बोलणे चिन्हांत पाहिले. मुलाने १८७४ च्या उन्हाळ्यात मृत माणसाच्या कानाला गवताची काडी जोडून धुरकटलेल्या काचेवर आवाजाची रेघ काढली. बायकोने आवाज ओठांवर पाहिला. आणि शेवटी बर्कलीतल्या यंत्रानेही बेलचा आवाज आधी पाहिला, मगच तो आपल्या कानांवर आला. दृश्यातून श्राव्याकडे जाण्याची जी धडपड या घराने केली, तिची पूर्तता चकतीच्या दुरुस्तीत व्हावी, हा योग विलक्षण आहे.

पण या दृष्टीला एक काळी बाजूही आहे, ती झाकणे बरोबर नाही. मूकबधिर मुलांनी बोलायलाच शिकले पाहिजे, ओठ वाचले पाहिजेत, असा बेलचा आग्रह होता आणि खुणांच्या भाषेला त्याचा विरोध होता. हातांनी बोलणाऱ्या समाजाला त्याचे नाव आजही सलते. दिसणाऱ्या बोलण्याचा हा उपासक हातांनी घडणारे दिसणारे बोलणे मात्र भाषा म्हणून मान्य करू शकला नाही. त्याचा खणखणीत उच्चार ऐकताना हा विरोधाभास मनात राहायलाच हवा.

दुरुस्तीच्या कलेबद्दल थोडे. संगणकाला सांगितले तर तो ही सगळी खरखर धुऊन काढील. तसे केले नाही, हे शहाणपण. खरखरीबरोबर आवाजाच्या कडाही जातात आणि उरतो तो कोणाचाही आवाज. वेगाचा निर्णय तर त्याहून जोखमीचा. एदुआर्द लेओं स्कॉट द मार्तेंव्हिल या फ्रेंच माणसाने १८६० मध्ये काजळी दिलेल्या कागदावर एक लोकगीत उमटवले होते, निव्वळ पाहण्यासाठी. २००८ मध्ये ते प्रथम ऐकवले तेव्हा मुलगी गाते आहे असे वाटले. सोबतच्या नादकाट्याची कंपने दुप्पट धरली गेली होती, हे पुढे कळले. वेग निम्मा केल्यावर तोच आवाज सावकाश गाणाऱ्या पुरुषाचा निघाला. दुरुस्त करणाऱ्याचा एक हिशेब माणूसच बदलून टाकू शकतो. म्हणून बेलच्या बाबतीत यंत्राइतकेच श्रेय त्या सही केलेल्या कागदाला द्यायला हवे.

बेलने शेवटी नाव सांगितले, ही गोष्ट आपल्या कानांना परकी वाटत नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने गौहरजानचे गाणे मेणाच्या चकतीवर मुद्रित केले, तेव्हा ठुमरी-खयाल संपताच ती इंग्रजीत आपले नाव पुकारी. तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला चिठ्ठीवर कोणाचे नाव घालायचे ते कळावे, हा त्यामागचा व्यवहार. दोघांनीही सोयीसाठी नाव घेतले आणि दोन्हीकडे तीच खूण आज सर्वांत जिवंत वाटते. फरक एकच. गौहरजानच्या मेणावर धातूचा मुलामा चढवून साचे निघाले, त्यात ते मेण खर्ची पडले आणि आवाज लाखेच्या तबकड्यांत वाचला. बेलचे मूळ मेण मात्र अजून आहे.

अशी मेणे जगात फार आहेत आणि ती वाचवण्याचे काम चालू आहे. बर्कलीच्या हर्स्ट मानववंशशास्त्र संग्रहालयातल्या कॅलिफोर्नियाच्या मूळ रहिवाशांच्या ७८ भाषांमधल्या सुमारे २,७०० सिलिंडरांचे याच पद्धतीने वाचन झाले आहे. त्यातल्या काही भाषा बोलणारा आज कोणी उरलेला नाही. बर्लिनच्या फोनोग्राम संग्रहातले सिलिंडर युनेस्कोने १९९९ मध्ये जागतिक स्मृतीत नोंदले. आपल्याकडे मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स जुन्या तबकड्यांचा मागोवा घेत आली आहे. पण घरोघरच्या माळ्यांवर काय पडले आहे, याची कोणाला कल्पना असणार?

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे. आजोबांच्या ट्रंकेत सिलिंडर वा जुनी तबकडी सापडली, तर ती वाजवून बघण्याचा मोह टाळा. पाण्याने धुऊ नका, चिकटपट्टी लावू नका. फुटली असेल तर गोंदाने जोडू नका. एकूण एक तुकडा, अगदी चुरासुद्धा, मऊ कागदात गुंडाळून कोरड्या, थंड जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. तिच्यासोबतचा डबा, चिठ्ठी, पावती, काहीही फेकू नका. आणि घरात कोणाला आठवत असेल, तर कोण गाते आहे, कोण बोलते आहे, केव्हाचे आहे, हे आजच एका कागदावर लिहून ठेवा. आवाज परत आणण्याची युक्ती शास्त्रज्ञांना साधली आहे. तो कोणाचा, हे सांगणारा कागद मात्र त्यांना बनवता येत नाही.